पाणी बदलतं का?

गोर्नो इझ्वोर
९ जानेवारी

सावेताताई,

नमस्कार. मी बरा आहे. लाकडं मार्चपर्यंत पुरतील. गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो. बर्फ अजून पडलेला नाही, नुसता धमकावतोय. तुझं तू काही कळवणार नाहीस, तेव्हा तूही बरी आहेस असं धरून चालतो. बुर्गासला समुद्र आहे. समुद्राकाठची माणसं हिवाळ्यात चिडकी होतात पण आजारी पडत नाहीत, असं माझी स्तान्का म्हणायची. ती जाऊन परवा दोन वर्षं झाली. एकट्यानंच मेणबत्ती लावून आलो.

सप्टेंबरपासून आपण बोललो नाही. फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तरी पहिल्या वाक्यापुढे जाऊ देणार नाहीस. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस थोडंफार वाचतोच.

तर बातम्या.

आमच्या वाचनालयात दर बुधवारी संध्याकाळी सिनेमा असतो, हे तुला माहीत आहे. दोब्रिन्का चालवते. ग्रंथपाल तीच, शेगडीत लाकूड घालणारी तीच, आणि पडद्याखाली येणारी भाषांतराची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारीही तीच. कारण निम्मे लोक चष्मा घरी विसरतात आणि उरलेले विसरलो म्हणून सांगतात. आवाज असा की रडायचं वाक्यही ती कोरडं वाचते आणि रडू मात्र आपल्याला येतं.

नोव्हेंबरात तिनं फिनलंडचा एक सिनेमा लावला होता. एक बाई रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवते. दोन तास तेवढंच. शेवटच्या गावी पोचेपर्यंत मागे पहिल्या गावात पुन्हा बर्फ साचलेला. माझ्या शेजारी तोताआजी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. म्हणाली, "हिचं लग्न कधी होतं?"

मी म्हटलं, "झालंय आजी. नवरा दुसऱ्या गाडीवर असतो."

"मग दाखवत का नाहीत त्याला?"

"दाखवतील."

नाही दाखवला. आजी घरी जाईपर्यंत माझ्यावर रागावली होती, जणू मीच त्याला लपवून ठेवला होता. मला मात्र सिनेमा आवडला. रोज तेच काम करणारं माणूस दोन तास बघत राहिलं की ते काम सोपं नाही हे आपोआप कळायला लागतं.

सध्या वाचतोय नकाशांवरचं एक पुस्तक. समुद्रात कधीच नसलेली बेटं नकाशांवर शे-दीडशे वर्षं कशी टिकली, याची हकीकत. कुणा कप्तानाला धुक्यात ढगाचा पट्टा दिसतो, तो वहीत 'बेट' लिहितो. पुढचा नकाशावाला ते उतरवून घेतो, त्याच्या पुढचा त्याच्यावरून. मग कुणी तिथून जातो, त्याला बेट दिसत नाही, तर तो म्हणतो, मीच वाट चुकलो असेन. मला हा शेवटचा माणूस फार विचार करायला लावतो. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा छापलेल्यावर त्याचा विश्वास जास्त. तुझं काय मत?

आता आरोग्य. हसू नकोस. या हिवाळ्यात आमच्या गावात जो तो स्वतःवर काही ना काही करून बघतोय आणि मी, तुला माहीतच आहे, कुठलंही झाकण उघडून बघितल्याशिवाय राहत नाही. दहा दिवस नुसते भिजवलेले गहू, सफरचंदं आणि मध खायचं ठरवलं. चौथ्या दिवशी स्वप्नात बानित्सा आली, पदरापदरांत चीज भरलेली, लोण्याची, वाफाळती. उठून खाऊन टाकली. खरीखुरी, शेजारणीची. ओठांवर पट्टी चिकटवून झोपून बघितलं. म्हणे नाकानं श्वास घेतला की मेंदू तरुण होतो. पट्टी मिशांना चिकटली. सकाळी अनवाणी गवताच्या दहिवरावर चालून पाहिलं, जमिनीतली वीज अंगात येते म्हणून. वीज आली नाही, सर्दी आली. हे सगळं वहीत तारीखवार लिहून ठेवलंय. शिक्षकाची खोड.

आणि मेतोदीचं पाण्याचं यंत्र. त्याबद्दल आज लिहीत नाही. तुला ते नाव नको असतं.

दोब्रिन्का सध्या वाचनालयात नसते. तिची तब्येत बरी नाही, जिल्ह्याच्या इस्पितळात आहे. बुधवारचा सिनेमा बंद आहे. बाकी गावात विशेष काही नाही.

एक सहज विचारायचं होतं, तू चाळीस वर्षं नर्स होतीस म्हणून. रक्त पातळ ठेवायच्या ज्या नव्या गोळ्या आहेत, त्या थांबवल्यावर किती दिवस अंगात राहतात? एका पुस्तकात काहीतरी वाचलं, त्यावरून आठवलं.

आपला,
वेल्को


गोर्नो इझ्वोर
२९ जानेवारी

सावेताताई,

तुझं कार्ड मिळालं. पुढे समुद्र, मागे एकच ओळ. 'गोळ्या कुणाच्या, कुणी थांबवल्या, केव्हा, ते लिही.' नमस्कार नाही, सही नाही. तरी अक्षर बघून बरं वाटलं. वॉर्डात तू अशीच विचारत असणार.

लिहितो. पुस्तकात वगैरे काही वाचलेलं नव्हतं.

सुरुवात सप्टेंबरपासून करावी लागेल. मेतोदी म्हणजे आमच्या चौकातला जुना रेडिओ दुरुस्त करणारा. त्यानं यंत्र बनवलं. काचेची बरणी, आत धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये कापडाची पिशवी, वीज जोडायची. दहा मिनिटांत पिशवीच्या आतलं पाणी 'मेलेलं' आणि बाहेरचं 'जिवंत'. जिवंत पाणी प्यायचं, मेलेलं गुडघ्याला चोळायचं. मेतोदी लबाड माणूस नाही, ताई. त्याची आई त्या पाण्यानं बरी झाली असं त्याला मनापासून वाटतं. तशी आणखी यंत्रं करून विकायची म्हणून त्यानं वाचनालयात सगळ्यांना बोलावलं आणि मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही जरा शास्त्राच्या बाजूनं दोन शब्द बोला."

मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्या बरणीत काय होतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एका पट्टीकडे आम्ल जमतं, दुसरीकडे अल्कली. आठवीचा धडा आहे. त्यानं गुडघा बरा होत नाही आणि रक्तदाबही उतरत नाही, हेही मला माहीत होतं. पण मी घरून लिटमसच्या कागदांची जुनी डबी घेऊन गेलो. बावीस माणसं बसली होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदा बावीस माणसं माझ्या हाताकडे बघत होती. मी कागद बुडवला, तांबड्याचा निळा झाला. दुसरा बुडवला, निळ्याचा तांबडा झाला. टाळ्या पडल्या. वर्गात कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मग पहिल्या रांगेतून दोब्रिन्कानं विचारलं, "वेल्को, तू या विषयातला माणूस. खरं सांग. पाणी खरंच बदलतं का?"

मी म्हणालो, "बदलतं."

खोटं नव्हतं ते. पुढचं वाक्य असं होतं, 'पण त्याचा औषध म्हणून काही उपयोग नाही.' ते माझ्या जिभेवर होतं. लोक माना डोलवत होते, मेतोदीचे डोळे भरून आले होते. मी ते वाक्य गिळलं.

त्याच संध्याकाळी मोठ्या फुशारकीनं मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "तुझ्या त्या कागदापायी कुणाचा तरी जीव जाईल." आणि मी जे बोललो ते पहिल्या पत्रात लिहायचं टाळलं. आता लिहितो. मी म्हणालो, 'तू रोग्यांची घाणीची भांडी उचलण्यात जन्म घालवलास, तुला उत्सुकता म्हणजे काय कळणार.' गेले पाच आठवडे मी इस्पितळाच्या बाकावर बसून ती भांडी कोण उचलतं, कशी उचलतं, आणि उचलताना रोग्याशी कसं बोलतं ते बघतोय. त्या वाक्याची मला लाज वाटते. माफ कर, असं तुला फोनवर म्हणायला घाबरतो, म्हणून इथे म्हणतो.

दोब्रिन्काचं हृदय अनियमित चालतं. त्यासाठी रोज दोन गोळ्या. नोव्हेंबरच्या शेवटी एकदा पुस्तक परत करायला गेलो तर तिनं टेबलाच्या खणातून गोळ्यांची अख्खी पट्टी काढून दाखवली. म्हणाली, "बघ. आठवडा झाला, एकही घेतली नाही. नुसतं जिवंत पाणी. आणि मी अजून आहे!" हसत होती. मला वाटतं, माझ्याकडून शाबासकी हवी होती.

डॉक्टरला विचारलंस का, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बुधवारी कुठला सिनेमा?"

का? ताई, खरं सांगतो. मला तिच्याशी बोलायला आवडतं. स्तान्का गेल्यावर घरात माझा आवाज मला फक्त रेडिओशी भांडताना ऐकू यायचा. तिला मी शिकवायला लागलो असतो तर ती माझी विद्यार्थीण झाली असती, आणि सप्टेंबरात मी अर्धंच सांगितलं हेही कबूल करावं लागलं असतं.

वीस डिसेंबर, बुधवार. पोर्तुगालचा सिनेमा, दोन भाऊ वडिलांची बस विकायला निघतात. साधारण साडेपाचला, धाकटा भाऊ थोरल्याला काहीतरी सांगत असताना, दोब्रिन्कानं वाचलं, "मी तुझ्या गुरुवारात बसणार नाही." लोक हसले. तिनं पुढचं वाचलं, "गुरुवार विकू नकोस, गुरुवार आईचा." आणखी हसले. विचित्र सिनेमा आहे असं सगळ्यांना वाटलं. मीही हसलो. मोठ्यानं हसलो. मग पडद्यावर कुणी बोलत नसतानाही ती वाचतच राहिली, आणि मी वळून बघितलं. पडद्याच्या उजेडात तिच्या तोंडाची एक बाजू खाली उतरली होती.

रुग्णवाहिका लवकर आली. मी आणि मेतोदी मागून त्याच्या गाडीनं गेलो. इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई घाईघाईनं बाहेर आली. "रक्त पातळ व्हायची गोळी घेतात का? शेवटची केव्हा घेतली? लगेच सांगा. गोळी अंगात असेल तर गाठ विरघळवणारं औषध देता येत नाही, रक्तस्राव होईल."

मेतोदीनं चटकन सांगितलं, "घेते ना, रोज घेते. फार नियमित बाई आहे." त्याला माहीतच नव्हतं. यंत्र विकताना गोळ्या बंद करा असं तो कधी म्हणाला नव्हता.

मला माहीत होतं. मी गप्प राहिलो.

का, म्हणून विचारशील. पुढचा प्रश्न 'कुणाच्या सांगण्यावरून थांबवली' असा आला असता. एवढंच कारण. त्याला दुसरं चांगलं नाव मला सापडलेलं नाही.

बाकावर बसलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून मला नक्की माहीत आहे, वीस मिनिटं. मग उठलो, दार ढकललं आणि म्हणालो, "तिनं महिनाभर गोळी घेतलेली नाही. मला ठाऊक होतं." डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, वळून आत ओरडली. औषध दिलं.

दोब्रिन्का वाचली. उजवा हात उचलला जात नाही. समजतं सगळं, पण शब्द एकच उरलाय. पाणी हवं, 'गुरुवार'. खिडकी लावा, 'गुरुवार'. मी दिसलो की 'गुरुवार', आणि हसते. मी काय केलं ते तिला माहीत नाही. तिची मुलगी इस्क्रा स्पेनहून आलीय, तिलाही माहीत नाही. ती मला डबे भरून देते आणि म्हणते, काका, तुम्ही नसता तर काय झालं असतं!

डॉक्टरीणबाईला मी नंतर विचारलं, त्या वीस मिनिटांत काय गेलं असेल? ती म्हणाली, असं सांगता येत नाही. म्हणून तुला विचारतोय. तू सांगू शकशील. गोडी लावून सांगू नकोस.

वेल्को


गोर्नो इझ्वोर
१५ मार्च

ताई,

तुझं पत्र खिशात ठेवून फिरतोय, घडीवर फाटायला आलंय. 'वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. मेंदूच्या बाबतीत ती थोडी नव्हेत. ती मी माफ करू शकत नाही, माझी नाहीत. पण तू उठलास. न उठणारे मी पुष्कळ पाहिलेत. आता ज्यांची आहेत त्यांना सांग.' एवढं मला सरळ कुणी कधी बोललं नव्हतं, आणि मी कुठलंही पत्र इतक्या वेळा वाचलं नव्हतं.

सांगितलं. सगळं क्रमानं कळवतो.

आधी इस्क्राला. दोब्रिन्काला फेब्रुवारीत घरी आणलं, त्यानंतर मार्च लागताच, स्वयंपाकघरात. इस्क्रा मिरच्या भाजत होती. मी सप्टेंबरपासून बाकापर्यंत सगळं सांगितलं. तिनं शेगडी बंद केली.

"काका, हे आज का सांगताय? डिसेंबरात का नाही?"

"भीती वाटली."

"आज नाही वाटत?"

"आज जास्त वाटतेय."

तिनं माझ्याकडे पाठ केली आणि मिरच्यांची सालं काढत राहिली. हात पोळत असणार, तरी काढत राहिली. मग म्हणाली, "मी तिकडे म्हाताऱ्यांच्या घरात काम करते. रोज गोळ्या मोजून देते, गिळली का ते तोंड उघडून बघते. परक्यांची. आणि माझ्या आईच्या खणात..." तिनं सोललेल्या मिरच्या ताटलीत काढल्या. म्हणाली, "आईला तुमचं तुम्हीच सांगा. मी निरोप्या नाही."

दोब्रिन्का खिडकीशी बसली होती. एक मार्चचा, वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा इस्क्रानं तिच्या डाव्या मनगटाला बांधलेला. मला बघून म्हणाली, "गुरुवार." बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येते, पण त्यापलीकडे 'चहा' आणि 'नको' एवढंच अजून आलं होतं.

मी उभ्यानंच बोललो. काही वगळलं नाही, पट्टी दाखवली तेव्हा मी सिनेमाचं विचारलं हेसुद्धा. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. हसू हळूहळू गेलं. मग तिचे ओठ जुळवाजुळव करायला लागले, जणू पडद्यावर अक्षरं फार भरभर जातायत आणि तिला ती पकडायचीयत.

"मी," ती म्हणाली. थांबली. "मी तुला विचारलं होतं."

डिसेंबरनंतरचं पहिलं सबंध वाक्य. इस्क्रा दारात धावत आली, चेहऱ्यावर आनंद. आणि वाक्य काय आहे ते उमगल्यावर तो आनंद तिथेच राहिला, त्याचं काय करावं ते तिला कळेना. ताई, मलाही कळलं नाही. बोलली म्हणून मला आनंद झाला होता. खरंच झाला होता. त्याच वेळी मला तिथून नाहीसं व्हायचं होतं.

मग ती म्हणाली, "नको." डाव्या हातानं दार दाखवलं. मी गेलो.

पुढच्या बुधवारी वाचनालयाची किल्ली मागून घेतली आणि गावात निरोप दिला की मेतोदीच्या यंत्राबद्दल बोलायचंय. एकोणीसजण आले. तोताआजी बिया घेऊन आली होती, सिनेमाच असेल या आशेनं. मी पुन्हा बरणीत पाणी केलं आणि कागद बुडवला. निळा झाला. म्हणालो, "पाणी बदलतं. सप्टेंबरात मी एवढंच सांगितलं. आज पुढचं सांगतो. हे पाणी पोटात गेलं की तिथलं आम्ल त्याला लगेच पुन्हा साधं करून टाकतं. त्यानं कुणाचाही आजार बरा होत नाही. मला तेव्हाही माहीत होतं. मी सांगितलं नाही. दोब्रिन्कानं माझ्या शब्दावर गोळी सोडली." आणि इस्पितळातलंही सांगितलं, वीस मिनिटांसकट.

मग मेतोदी उठला. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "मास्तर, मी रेडिओवाला. मला काय कळतं? मला वाटलं आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं. तुम्हाला माहीत होतं, तर त्याच दिवशी मला बाजूला घेऊन का नाही सांगितलंत? मी तिथल्या तिथे थांबलो असतो." त्याच्या आवाजात राग कमीच होता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. बरणी काखेत मारून निघून गेला. त्यानं दुसऱ्या दिवसापासून घरोघर जाऊन यंत्रं परत आणली असं ऐकतो. माझ्याशी बोलत नाही.

मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, मास्तर औषध कंपन्यांना मिळालेत. दोघं हसले. तोताआजी मात्र बियांची पुडी मिटून खिशात घालत हळूच म्हणाली, "पोरा, मी साखरेची गोळी ऑक्टोबरपासून बंद केलीय. पायाच्या अंगठ्याला काहीतरी झालंय. दाखवू?" तिथेच मोजा काढला. मी तिला मोजा घालायला लावला आणि सकाळी उठून स्वतः गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. अंगठा वाचेल म्हणतात. आणखी तिघी निघाल्या, एकीनं थायरॉइडची गोळी सोडलेली, दोघींनी रक्तदाबाची. सप्टेंबरच्या टाळ्यांमध्ये या सगळ्या होत्या आणि मी पुन्हा कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. बघ ना, मिशांना चिकटलेल्या पट्टीचीही मी नोंद केली. ज्यांनी माझं ऐकलं त्यांचं काय झालं याची माझ्या वहीत एक ओळ नाही. कागदापायी जीव जाईल, हे तू म्हणालीस ते अर्धं बरोबर होतं; घात कागदानं नाही, मी गिळलेल्या वाक्यानं केला. मी शिक्षक आहे की जादूगार, असं विचारायला हवं होतंस. त्या दिवशी मी जादूगारच झालो होतो.

दोब्रिन्काकडे मी रोज चारला जातो. पहिले आठ दिवस इस्क्रा दारातूनच सांगायची, "झोपलीय." झोपलेली नसायची, आतून रेडिओ ऐकू यायचा. मी दुकानातून काही हवंय का विचारायचो, ती नाही म्हणायची, मी परत फिरायचो. नवव्या दिवशी तिनं यादी दिली. दही, बटाटे, दिव्याचा बल्ब. दिवा मीच बसवला, स्टुलावर चढून, गुडघा कुरकुरला. दोब्रिन्कानं खिडकीकडून मान वळवली नाही.

परवा इस्क्रानं सांगितलं, एप्रिलमध्ये तिला कामावर परत जावं लागेल. आईला सोबत नेणं जमणार नाही. दिवसा बघायला एक बाई मिळालीय, संध्याकाळचं कोण बघणार? ती माझ्याकडे बघत हे बोलत नव्हती, पण मोठ्यानं बोलत होती. मी म्हणालो, "तिनं हो म्हटलं तर मी." इस्क्रा म्हणाली, "ती हो म्हणणार नाही." मी म्हणालो, "मग 'नको' म्हणेपर्यंत."

ताई, एक गोष्ट तुला विचारायचीय, आणि या वेळी पुस्तकाचं नाव पुढे करत नाही. उजवा हात चालत नसलेल्या माणसाला खुर्चीतून उठवताना कुठल्या बाजूला उभं राहायचं? गोळ्या गिळल्या की नाही, हे तिचा मान राखून कसं बघायचं? चिडली तर खोलीतून जायचं की थांबायचं? मला यातलं काहीच येत नाही आणि शिकायचंय. तुझ्याकडून शिकायला आवडेल. वेळ असेल तर ईस्टरला ये. अंडी मी रंगवीन, तू शिव्या घाल.

काल चारला गेलो. इस्क्रा दुकानात गेली होती, दार उघडंच होतं. दोब्रिन्का खिडकीशी. मी दारात उभा राहिलो. तिनं बघितलं. बस म्हणाली नाही. 'नको'ही म्हणाली नाही. मी उभाच राहिलो. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, ते आम्ही दोघांनी सबंध पाहिलं. अंधार पडायला लागला तसा मी दिवा लावला आणि पुन्हा येऊन त्याच जागी उभा राहिलो. इस्क्रा येईपर्यंत तासभर झाला असेल.

आज चारला पुन्हा जाणार आहे. त्याआधी हे पत्र पेटीत टाकतो.

तुझ्या प्रत्येक शब्दाचा तू लिहिलास तेवढाच अर्थ धरणारा,
तुझा भाऊ
वेल्को